पार्श्वभूमी : मोर, भातशेती आणि २०१६चा वाद

पाखरांपासून शेत राखणं गोव्यात जुनंच. भात दुधात आलं की मुनियांचे थवे, मिरची पिकू लागली की पोपट, खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांच्या, कडेला पाणकोंबड्या. बुजगावणं, तेलाचा रिकामा डबा आणि गोफण एवढ्यावर भागायचं, कारण राखायला माणूस असायचा. शिवाय सगळा मळा एकाच सुमारास पेरला जायचा, म्हणून पाखरांची धाडही सगळ्यांत वाटली जायची. जमिनी पडीक राहू लागल्या तसं हे गणित मोडलं. चहूबाजूंनी पडीक आणि मधलं एकच शेत हिरवं असेल, तर सगळा थवा तिथेच उतरतो. पडीकातलं रान मोरालाही सोयीचं. लपायला जागा, अंडी घालायला आडोसा.

मोराचं नाव गाजलं ते फेब्रुवारी २०१६ मध्ये. पिकांची नासाडी करणाऱ्यांत माकड, रानडुक्कर, गवा यांच्या जोडीला मोरही धरून त्यांना ‘उपद्रवी’, म्हणजे मारायला मोकळे, ठरवण्याचा विचार गोव्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांनी बोलून दाखवला. त्याच सुमारास माड कायद्यानं जपलेल्या ‘झाडां’च्या यादीतून वगळला गेला होता. दोन्ही बातम्या एकत्र चघळल्या गेल्या आणि थट्टा सुरू झाली. १९६३ पासूनचा राष्ट्रीय पक्षी मारायला निघाले, असा ओरडा झाला. कोणाचा किती तरवा, म्हणजे भाताची कोवळी रोपं, गेला, हे विचारायला मात्र फारसं कोणी थांबलं नाही.

तसाही तो प्रस्ताव कायद्याच्या पहिल्याच पायरीवर अडणारा होता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ६२ उपद्रवी ठरवण्याचा अधिकार केंद्राला देतं, राज्याला नाही. आणि पहिल्या सूचीतल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या, प्राण्याला ते लागूच होत नाही. मोर आणि गवा दोघेही पहिल्या सूचीतले. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारात नीलगाय व रानडुक्कर उपद्रवी ठरू शकले, ते तिसऱ्या सूचीत होते म्हणून. कलम ११ मध्येही हाच भेद. खालच्या सूचींतल्या प्राण्याकडून उभ्या पिकाला धोका असेल, तर शिकारीची परवानगी मिळू शकते. पहिल्या सूचीसाठी मात्र माणसाच्या जिवाला धोका, किंवा प्राण्याचा बरा न होणारा आजार वा अपंगत्व, एवढीच कारणं चालतात. १ एप्रिल २०२३ पासून सहाच्या चार सूची झाल्या आणि उपद्रवींची पाचवी सूचीच गेली. तिच्यात कावळा होता, मोर कधीच नव्हता.

म्हणजे उरतं ते अडवणं. मोड आलेलं बी चिखलात फेकलं की पहिले आठ-दहा दिवस धोक्याचे. वाफ्यावर माडाच्या झावळ्या पसरतात, पण कोंब दोन बोटं झाले की त्या काढायला हव्यात. नाहीतर रोप पिवळं आणि लांबुडकं होतं. पीक दुधात असताना लाल-चंदेरी रिबन कामाला येते: सुमारे ११ मिलिमीटर रुंद, दोन ओळींत ३ ते ५ मीटर अंतर, ताणताना पीळ देऊन, म्हणजे ती वाऱ्यावर चमकते आणि गुणगुणते. वारा पडला की गप्प. पंधरवड्यात पाखरं सरावतात, म्हणून लोंब्या निसवताच बांधून ठेवण्यात अर्थ नाही. दाणा भरू लागल्यावरच बांधावी.

मोर चालत येतो, रिबनीखालून सरळ निघून जातो. त्याला कुंपणच हवं. बहुतेक ठिकाणी मासेमारीची जुनी जाळी वापरतात. ती ताठ ओढून खालची कड मातीत दाबली नाही, तर ढिल्या झोळात साप अडकतात आणि मोराचा पायही. पहिल्या सूचीतला पक्षी आपल्या जाळ्यात मेलेला सापडला, तर उत्तर शेतकऱ्यालाच द्यावं लागतं. मुनियांसाठी जाळ्याचा डोळा (छिद्र) दोन सेंटीमीटरहून बारीक लागतो, आणि जाळं लोंबीच्या हातभर वर. टेकलं तर त्या वर बसून आरामात दाणे पिळतात.