डिझेल थिजते म्हणजे नेमके काय होते?

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये अटल बोगदा खुला झाला आणि भर हिवाळ्यातही हिमाचल प्रदेशातील लाहौलमध्ये गाडी नेता येऊ लागली. कोथरूडमधील आमच्या शेजाऱ्यांनी गेल्या जानेवारीत आपली डिझेल गाडी केलाँगपर्यंत नेली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती सुरू झाली, तीन-चार मिनिटे चालली आणि आचके देत बंद पडली. "विरळ हवेने इंजिनाचा दम कोंडला," असे ते परतल्यावर सांगत होते. विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी होते हे खरे. परंतु आदल्या संध्याकाळी त्याच उंचीवर विनातक्रार चाललेली गाडी रातोरात हवेमुळे बंद पडत नाही. दोष इंधनात होता.

मराठीत पाणी गोठते आणि तूप थिजते. हा भेद येथे फार उपयोगाचा आहे. पाणी हा एकच पदार्थ असल्याने ते एका ठरावीक तापमानाला गोठते. डिझेल मात्र साधारण १० ते २२ कार्बन अणूंच्या अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून त्यांतील लांब, सरळ साखळ्यांचे रेणू म्हणजे मेणबत्तीतल्या मेणाचेच भाऊबंद. ते उत्तम जळतात, म्हणून डिझेलमध्ये हवेच असतात. पण थंडी वाढली की तेच आधी वेगळे होतात. डिसेंबरात कढवलेले तूप ओट्यावर निवत ठेवून पाहावे: आधी ते नितळ असते, मग किंचित धुरकट होते, मग त्यात रवा धरतो आणि रव्याच्या कणांमध्ये पातळ तूप तसेच राहते. हे तूप चहाच्या गाळणीत ओतले, तर रवा जाळीवर बसतो आणि थोड्या वेळाने त्याखालचे पातळ तूपही उतरेनासे होते. डिझेलच्या फिल्टरची छिद्रे अवघ्या काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात आणि मेणाचे स्फटिक चपट्या पापुद्र्यांसारखे एकमेकांत अडकतात. त्यामुळे डिझेलचा जेमतेम दोन टक्के भाग थिजला, तरी उरलेल्या पातळ डिझेलची वाट अडते. फिल्टरच्या पलीकडे आधीच पोहोचलेले डिझेल संपेपर्यंत इंजिन चालते आणि मग थांबते.

भारतीय मानकानुसार हिवाळ्यातले डिझेल निदान ६ अंश सेल्सिअसपर्यंत आणि उन्हाळ्यातले निदान १८ अंशांपर्यंत थंड झाले तरी फिल्टरमधून जायला हवे. मैदानी मुलखासाठी हे पुरेसे आहे, उणे तापमानाच्या रात्रीसाठी नाही. म्हणूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. असे डिझेल मिळते तेथे टाकी जवळजवळ रिकामी करून पोहोचावे, ते भरावे आणि काही किलोमीटर गाडी चालवावी, म्हणजे ते फिल्टरपर्यंत जाते.

थंडीसाठी डिझेलमध्ये घालण्याचे द्रावणही मिळते. ते मेण धरू देत नाही, हा समज चुकीचा आहे. त्यातील पॉलिमरचे रेणू स्फटिकांच्या कडांवर बसून त्यांची वाढ रोखतात, म्हणजे रवा धरतो, पण बारीक राहतो. आधीच धरलेला रवा ते विरघळवत नाही. म्हणून ते डिझेल धुरकट होण्यापूर्वीच, ऊब असताना, टाकीत घालायला हवे. रॉकेल मिसळण्याचा जुना सल्ला मात्र आता घातक आहे, कारण रॉकेलला डिझेलइतके वंगण नसते आणि आजचे उच्च दाबाचे पंप डिझेलच्याच वंगणावर चालतात. टाकीखाली जाळ करणे हा तर जिवाशी खेळ आहे. बॉनेटला बांधलेल्या लिंबू-मिरचीचाही मेणावर काही परिणाम होत नाही. बोचऱ्या वाऱ्याने गाडी लवकर थंड होते, पण भोवतालच्या हवेपेक्षा अधिक थंड कधीच होत नाही.

बाकीची तयारी थोडक्यात सांगता येते. बॅटरी सशक्त हवी, कूलंट आणि पाणी यांचे मिश्रण निम्मे-निम्मे हवे, ऑइल थंडीत पातळ राहणारे हवे. ज्या गाड्यांत धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचे द्रावण लागते, तेथे ते उणे ११ अंशांना गोठते हे लक्षात ठेवावे. रात्री हँडब्रेक ओढल्यास तो गोठून अडकू शकतो, म्हणून गाडी सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. बर्फाळ उतारावर खालचा गिअर ठेवून इंजिनालाच वेग रोखू द्यावा. फोर-व्हील ड्राइव्ह असली, तरी ब्रेक लावल्यावर गाडी इतरांपेक्षा लवकर थांबते असे नाही.

शेजाऱ्यांच्या गाडीची तिथे काहीच दुरुस्ती झाली नाही. तिथल्या मेकॅनिकने फिल्टरभोवती गरम पाण्यात भिजवलेले फडके पुन्हा पुन्हा गुंडाळले, जाळीवरचे मेण वितळून डिझेलमध्ये मिसळले आणि अकराच्या सुमारास इंजिन सुरू झाले.