पाणकणीस चिखलात गुदमरत कसं नाही?

तळ्याकाठी उंच पात्यांची दाटी आणि मधेमधे तपकिरी जाड कणसं दिसली की समजायचं पाणकणीस, काहीजण याला रामबाण पण म्हणतात. ते तपकिरी कणीस म्हणजे खच्चून भरलेली बारीक मादीफुलं, नरफुलं त्याच्या वरच्या टोकाला असतात पण परागकण वाऱ्यावर सोडले की ती झडतात आणि तिथे नुसती काडी उरते. पिकलेलं कणीस जरा चोळून बघा, इतका कापूस भसाभस बाहेर येतो की परत आत कोंबणं अशक्य! एका कणसात 2 लाखांच्या वर बिया निघू शकतात.

पण खरी भारी गोष्ट आतल्या हवेची. पाण्याखालच्या चिखलात ऑक्सिजन जवळपास नसतोच, बहुतेक झाडांची मुळं तिथे कुजतात. पाणकणसाचं पान आडवं कापलं तर आत पोकळ कप्पेच कप्पे दिसतात. कोवळ्या पानांत हवेचा दाब किंचित वाढतो, त्या दाबाने हवा चिखलातल्या आडव्या खोडापर्यंत जाते आणि जुन्या, तुटक्या पानांतून बाहेर पडते. थोडा ऑक्सिजन मुळांतून झिरपतो आणि त्यावर घाण मोडणारे जिवाणू जगतात, म्हणून सांडपाणी साफ करायला मुद्दाम तयार केलेल्या पाणथळींत पाणकणीस लावतात.

त्याची दुखरी नसही हीच. वाळक्या काड्यासुद्धा हवेच्या नळीचं काम करतात, त्यामुळे पाण्याच्या वर कापलं तर ते परत फुटतं, पण पाण्याखाली कापलं आणि वर पाणी टिकलं तर खालचं खोड गुदमरून मरतं.

आता कापायचंच कशाला? तर पाण्यात खताचा फॉस्फरस आला की हे माजतं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या मोठ्या पाणथळीत शेतांतून आलेल्या फॉस्फरसमुळे सॉग्रास नावाच्या मूळच्या वनस्पतीची जागा मोठ्या पट्ट्यात पाणकणसाने घेतली, आणि दाटी अशी की बदकांना उतरायला उघडं पाणीच उरत नाही. म्हणून सगळंच उपटायचं म्हणाल तर तो शुद्ध वेडेपणा, कारण पक्षी यातच घरटी करतात, माशांची पिल्लं बुडाशी लपतात, चतुराची अळी याच पात्यावर चढून कात टाकते. उघडं पाणी आणि झाडोरा साधारण निम्मेनिम्मे आणि एकमेकांत मिसळलेले असले की पाणपक्षी सगळ्यात जास्त रमतात. आणि वरून खत येतच राहिलं तर कापण्याचा फारसा उपयोग नाही, चिखलात बिया पडलेल्याच असतात, पाणी उतरून ऊन लागलं की रुजतात.