इंग्रजी स्पेलिंग उच्चाराला सोडून का गेलं?

योद्धा या अर्थाच्या ‘नाइट’ शब्दातला सुरुवातीचा ‘के’ आणि मधले ‘जी-एच’ पाठ करताना आपल्या मुलांच्या नाकी नऊ येतात. पण चौदाव्या शतकात, इंग्रजी कवी चॉसरच्या काळी, ही तिन्ही अक्षरं बोलली जात. उच्चार साधारण ‘क्निख्त’ असा होता. लिहिलेलं बरोबरच होतं. बोलणं पुढे बदललं.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. छपाईमुळे शब्दांची रूपं हळूहळू पक्की होऊ लागली, आणि नेमके त्याच सुमारास इंग्रजीतले दीर्घ स्वर सरकत होते. ‘टाइम’ पूर्वी ‘टीम’च्या जवळचा होता, ‘नेम’मध्ये ‘आ’ ऐकू येई. स्वर बदलले, कागदावरची अक्षरं जुनीच राहिली. माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ या वेळेच्या गाठीत आहे. ‘घोस्ट’मधला ‘एच’ तर फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडच्या भाषेच्या) वळणाच्या, छपाईचे खिळे जुळवणाऱ्यांकडून आला, असं अभ्यासक मानतात.

त्यात विद्वानांनी भर घातली. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. लॅटिन ‘डेबिटुम’शी नातं दिसावं म्हणून तो नंतर घुसवला गेला. इंग्रजांनी तो कधीच उच्चारला नाही! ‘आयलंड’मधला ‘एस’ तर निव्वळ चुकीचा; त्या शब्दाचा लॅटिनशी संबंधच नाही.

तरीही एकच रूप बरोबर, हा आग्रह बराच उशिरा आला. शेक्सपिअरच्या उपलब्ध सहा सह्यांपैकी एकीतही आजचं स्पेलिंग नाही. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशाने ब्रिटिश रूपांना वजन दिलं, नोआ वेब्स्टरच्या १८२८ च्या कोशाने ‘कलर’मधला ‘यू’ गाळणारी अमेरिकन वाट रुळवली. १९०६ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छपाईत ३०० शब्दांची सोपी रूपं वापरायला सांगितलं, पण संसदेच्या विरोधापुढे त्यांना माघार घ्यावी लागली.

स्पेलिंगप्रमाणे विरामचिन्हांवरही छपाईचा परिणाम झाला. ती मुळात मोठ्याने वाचणाऱ्याला कुठे थांबायचं ते सांगत. छपाईच्या काळात ती वाक्यरचना दाखवू लागली. अर्धविराम पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यात प्रथम छापला गेला. आपल्याकडे मोडीत शब्दांमध्येही जागा सोडत नसत. इंग्रजी धर्तीची ही चिन्हं मराठी गद्यात रुजवली ती एकोणिसाव्या शतकात कोशकार मेजर थॉमस कँडी यांनी.