काटा शून्यावर: मीटर गेला की टाकीतला फ्लोट?

टाकी फुल्ल करून कात्रजचा घाट चढायला लागलो आणि पेट्रोलचा काटा सरळ शून्यावर आला. गळती असेल म्हणून उतरून गाडीखाली वाकून पाहिलं, जमीन कोरडी. गाडी जुनी मारुती ८००. गॅरेजवाल्याने डॅशबोर्डकडे नुसती नजर टाकून सांगितलं, "काका, मीटर गेलाय." जुन्या बाजारातून मीटर आणला, बसवला, तर तोही शून्यावरच. दोष होता टाकीजवळच्या गंजलेल्या अर्थच्या वायरीत, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीत परत नेणाऱ्या वायरीत. ते पैसे वाया गेल्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

मीटर आणि फ्लोट एकाच सर्किटमध्ये असतात, त्यामुळे कोणीही बिघडला तरी काटा तसाच पडतो. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट एका दांडीला जोडलेला असतो. पातळी बदलली की दांडी रेझिस्टन्सच्या, म्हणजे करंटला अडवणाऱ्या, पट्टीवर सरकते, त्याने करंट कमीजास्त होतो आणि काटा हलतो. मीटर फक्त तो करंट दाखवतो.

तरी लक्षणं नीट पाहिली तर फरक कळतो. काटा काही ठिकाणी बरोबर आणि काही ठिकाणी चूक असेल, तर बहुतेक फ्लोट. दर वेळी पाचशेचं पेट्रोल टाकणाऱ्याची गाडी वर्षानुवर्षं पाव टाकीच्या आसपासच चालते, त्यामुळे पट्टी तिथेच झिजते. मग काटा फुल्लला आणि अर्ध्याला बरोबर असतो आणि नेमका पावाजवळ नाचतो. फ्लोटला बारीक भोक पडून आत पेट्रोल शिरलं, तर तो बुडतो आणि टाकी भरली तरी काटा वर येत नाही. काढलेला फ्लोट कानाशी हलवून पाहा, आत डुचमळ ऐकू येते. घाटात काटा सावकाश खालीवर होणं मात्र दोष नव्हे.

इंधन आणि तापमान, दोन्ही काटे एकदमच चुकीचे दाखवत असतील तर टाकीकडे जाऊच नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन्ही मीटरना एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागातून) वीज मिळते. आधी तो आणि मीटरमागची अर्थ तपासा. इंडिकेटरच्या टिकटिकीबरोबर काटाही हलत असेल, तर दोघांची सामाईक अर्थ सैल आहे.

खात्री करायला दहा मिनिटं लागतात. गाडी मोकळ्या हवेत उभी करा. पेट्रोलचा वास येत असेल तर काहीच करू नका, आधी गळती शोधा. चावी बंद ठेवून फ्लोटच्या वायरीचा टाकीपासून लांबचा जोड सोडवा आणि मग चावी ऑन करा. मारुतीच्या जुन्या गाड्यांत टाकी भरली की रेझिस्टन्स कमी होतो, म्हणून जोड सुटल्यावर काटा खाली जायला हवा. आता मीटरकडे जाणारं टोक १२ व्होल्टच्या छोट्या बल्बमधून बॉडीला टेकवा. काटा वर चढला तर मीटर आणि तिथपर्यंतची वायर ठीक, दोष टाकीकडे. हललाच नाही तर मीटर, फ्यूज किंवा मधली वायर. जुने मीटर संथ असतात, अर्धा मिनिट थांबा. बल्बशिवाय थेट टेकवून धरू नका, मीटर जळू शकतो. काही युरोपीय गाड्यांत हे सगळं नेमकं उलटं असतं.

दोष टाकीकडे निघाला तरी लगेच फ्लोट मागवू नका. चावी बंद करून सोडवलेला जोड परत लावा, फ्लोटच्या अर्थपासून बॉडीच्या घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यापर्यंत एक वेगळी वायर जोडा आणि मग चावी ऑन करा. काटा जागेवर आला तर काम थोड्या वायरीत आणि पॉलिश पेपरात संपतं. माझं तसंच संपलं.

सगळ्यात धोक्याचा काटा पडलेला नसतो, कायम फुल्ल दाखवणारा असतो. मारुतीच्या जुन्या गाडीत फ्लोटची वायर सोलली जाऊन बॉडीला लागली की असं होतं. पडलेल्या काट्यावर कोणी विसंबत नाही, भरलेल्यावर सगळेच विसंबतात. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे टाकी कोरडी पडली की पंपही जाऊ शकतो. अशा गाडीत पंपासकट अख्खी असेंब्ली बदला असं सांगतील. आधी पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत फ्लोटचा भाग सुटा मिळतो का, ते विचारा.

नवा फ्लोट बसल्यावर पाच-पाच लिटर पेट्रोल टाकत प्रत्येक वेळी काट्याची जागा लिहून ठेवा. तोवर ट्रिप मीटर शून्य करून किलोमीटरवरच गाडी चालवा.