दोन औषधांची जोडी: प्रोस्टेट कॅन्सरची उंदरांवरची चाचणी मागवण्याआधी

आम्ही कंपन्यांसाठी उंदरांवर औषधांच्या चाचण्या करतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चौकशांचा सूर एकच असतो: ‘आमचं औषध एन्झालुटामाइडबरोबर (पुरुषी हार्मोनचा परिणाम अडवणारं औषध) द्या आणि गाठ किती कमी होते ते सांगा.’ कोटेशन लगेच देऊ. पण त्याआधी काही गोष्टी ठरायला हव्यात, नाहीतर रिपोर्ट देखणा येतो आणि कामाला येत नाही.

आधी सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरपेशींचा ठरावीक वाण. त्यातली पीसी-३ उंदरात भराभर वाढते, म्हणून ग्राहक तीच मागतात. तिच्यात अँड्रोजेन रिसेप्टर (पुरुषी हार्मोन जिथे चिकटतो ते प्रथिन) नाहीच, मग एन्झालुटामाइड अडवणार काय? जोडीत हार्मोनवरचं औषध असेल तर एलएनकॅप किंवा व्हीकॅप या सेल लाइन घ्या, त्यांच्यात तो रिसेप्टर असतो. एलएनकॅप हट्टी आहे. मॅट्रिजेल (पेशींना आधार देणारं जेल) वापरूनही वेळ घेते. पण ती पीएसए (प्रोस्टेटचं, रक्तात मोजता येणारं प्रथिन) सोडते, आणि उंदराला स्वतःचं पीएसए नसतं. त्यामुळे रक्तात जे मोजलं जातं ते गाठीचंच. इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं औषध) तपासायची असेल तर न्यूड जातीचे केसविरहित उंदीर बाद, कारण त्यांना टी-पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशी, नसतात.

खर्च वाचवायला ‘तीन गटांत भागवा’ असं सुचवलं जातं. आम्ही ते घेत नाही. फक्त व्हेइकल (औषध ज्यात मिसळून देतात ते द्रावण, औषधाविना), एकटं अ, एकटं ब आणि दोन्ही, असे चार गट लागतातच. शिवाय ‘अ’च्या गटाला ‘ब’चं व्हेइकलही द्यावं लागतं. समजा ‘अ’ने वाढ ४० टक्के रोखली आणि ‘ब’ने ३०. दोघं आपापलं काम स्वतंत्रपणे करत असली तरी जोडीचा आकडा ५८ येतो (०.६ × ०.७ = ०.४२ उरतं). ६० आला म्हणून सिनर्जी (दोघांच्या बेरजेहून जास्त परिणाम) लिहून देणार नाही. आणि एकट्यानेच ९० टक्के काम होईल असा डोस ठेवला, तर दुसऱ्याला दाखवायला जागाच राहत नाही.

गाठ कॅलिपरने मोजतो: लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन. वजनही घेतो. नर उंदीर नव्या पिंजऱ्यात हलवले की भांडतात, चावतात, वजन उतरतं आणि ते औषधाच्या माथी लागतं. म्हणून गट पाडताना पिंजरे बदलत नाही. कानावरच्या खुणेवरून गट ओळखतो.

त्वचेखालच्या गाठीवरून हाडांचं काही कळत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. अबिराटेरॉन (हार्मोन रोखणारं) आणि रेडियम-२२३ (हाडांत जाणारं किरणोत्सारी) दोन्ही एकेकटी उपयोगी ठरलेली औषधं. एकत्र दिली तेव्हा रुग्णांत अस्थिभंग आणि मृत्यू जास्त दिसले, आणि २०१७ मध्ये त्या चाचणीत कोणाला काय दिलंय हे मुदतीआधीच उघड करावं लागलं. हाडांत पसरलेल्या रोगासाठी जोडी हवी असेल तर हाडातलं मॉडेल (गाठ हाडात वाढवलेला उंदीर) मागा. महाग पडतं, तरी मागा.

प्राण्यांची संख्या फॉर्म बीमध्ये (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) कारणासह मांडावी लागते. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय आम्ही एकही उंदीर मागवत नाही, तेव्हा तारखा ठरवताना तो वेळ धरा. चौकशीसोबत औषधाची विद्राव्यता आणि एकट्याचा सहन होणारा डोस कळवलात तर कोटेशन नेमकं देता येईल.