टॉवर सांगतो सगळ्यांना, ठरवतो फोन

४ ऑक्टोबर २०२४ ची पहाट. पाच वाजायला थोडा अवकाश असताना अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात असंख्य फोन एकदम कर्कश वाजू लागले. राज्याच्या उत्तर टोकाकडे, हॉल काउंटीत, एका गावच्या पोलीस प्रमुखावर गोळीबार झाला होता. संशयित फरार होता आणि त्याची माहिती ‘ब्लू अलर्ट’ म्हणून राज्यभर धाडली गेली होती. ह्यूस्टन तिथून सरळ रेषेतही ७०० किलोमीटरहून लांब, म्हणजे मुंबई-नागपूरपेक्षा जास्त. तिथली माणसंही अंथरुणातून दचकून उठली. पुढच्या काही दिवसांत अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे हजारो तक्रारी गेल्या.

ब्लू अलर्ट म्हणजे पोलिसाला ठार किंवा गंभीर जखमी करून पळालेल्या संशयिताबद्दल जनतेला दिलेला इशारा. फ्लोरिडा आणि टेक्सस या राज्यांनी तो २००८ मध्ये सुरू केला. देशभरातल्या अशा यंत्रणा एकमेकींना जोडण्याचा कायदा आला मे २०१५ मध्ये, आणि त्याला नाव आहे रफाएल रामोस आणि वेनजियान लिऊ या दोन पोलिसांचं. २० डिसेंबर २०१४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात गस्तीच्या गाडीत बसलेले असताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्याने त्याच सकाळी बाल्टिमोरजवळ एका तरुणीवर गोळी झाडली होती आणि पोलिसांना मारण्याची धमकी इन्स्टाग्रामवर टाकली होती. बाल्टिमोरकडच्या पोलिसांनी न्यूयॉर्कला फोन केला, फॅक्सही पाठवला. तो फॅक्स पोचेपर्यंत वेळ हातातून गेली होती. २०१४ सालात, फॅक्स! हे वाचलं की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

टेक्ससच्या बातमीवर आपल्याकडे हमखास निघणारा प्रश्न असा: सरकारकडे एवढ्या सगळ्यांचे नंबर आले कुठून? २०२३ मध्ये आपल्या दूरसंचार विभागाने भारतात अशाच इशाऱ्याच्या चाचण्या घेतल्या, फोन अचानक किंचाळले, तेव्हाही फोन हॅक झाल्याची शंका कितीतरी जणांना आली. उत्तर असं आहे की कुणाचाही नंबर लागत नाही. त्यामागची यंत्रणा मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एसएमएस एका ठरावीक नंबरला जातो. तो फोन कुठल्या टॉवरखाली आहे हे नेटवर्क आधी शोधतं, संदेश देतं, पोच घेतं. दहा लाख लोकांना संदेश द्यायचा तर हे दहा लाख वेळा करावं लागेल. संकटाच्या वेळी नेटवर्क आधीच तुंबलेलं असतं, त्यात हे जमणं अवघड. म्हणून हे इशारे ‘सेल ब्रॉडकास्ट’ने येतात. ती कोतवालाची दवंडी आहे: टॉवर एकदाच बोलतो आणि त्याच्या टापूतले सगळे फोन ऐकतात. ऐकणारे दहा असोत की दहा हजार, टॉवरवरचा भार तेवढाच. कुणी ऐकलं, कुणी नाही, हे टॉवरला कळतही नाही, कारण फोन त्याला पोच देत नाही.

पण फोन तर खिशात झोपलेला असतो. तो ऐकतो कसा? बॅटरी वाचवण्यासाठी फोनचा रेडिओ बहुतेक वेळ बंद असतो आणि ठरलेल्या अंतराने, साधारण सव्वा सेकंदाला एकदा, क्षणभर जागा होऊन ‘माझ्यासाठी काही आहे का?’ एवढं पाहतो. ही जागं होण्याची घटका सगळ्या फोनची एकच नसते आणि सिमकार्डच्या ओळख-क्रमांकावरून ती गणिताने निघते. म्हणून टॉवर ‘इशारा आहे’ ही छोटी खूण एका पूर्ण आवर्तनातल्या सगळ्या घटकांमध्ये पाठवतो. खूण दिसली की फोन टॉवरचं वेळापत्रक वाचतो. ४जी नेटवर्कमध्ये टॉवर स्वतःबद्दलची माहिती क्रमांक घातलेल्या गठ्ठ्यांत सतत प्रसारित करत असतो. त्यातला बारा क्रमांकाचा गठ्ठा अमेरिकी धर्तीच्या इशाऱ्यांसाठी राखीव आहे. तो केव्हा येणार हे वेळापत्रकातून कळतं, फोन नेमका तेव्हा कान देतो आणि तुकडे जोडून मजकूर तयार करतो. प्रत्येक इशाऱ्याला एक अनुक्रमांक असतो. टॉवर तोच मजकूर पुन्हा पुन्हा सांगत राहतो, म्हणजे उशिरा चालू झालेल्या फोनलाही तो मिळतो. ज्याने आधी ऐकलंय तो फोन अनुक्रमांक पाहून गप्प बसतो.

यापुढचा भाग मला त्याहून सुंदर वाटतो. टॉवरचा टापू काही गावाच्या वेशीप्रमाणे आखलेला नसतो, त्यामुळे इशारा नको त्या भागातही सांडतो. म्हणून अमेरिकेत २०१९ च्या अखेरीपासून नियम असा की इशारा ठरवलेल्या क्षेत्राबाहेर ०.१ मैल, म्हणजे सुमारे १६० मीटर, यापेक्षा जास्त सांडू नये. हे टॉवरला शक्य नाही, पण फोनला आहे. मजकुरासोबत त्या क्षेत्राचा नकाशा, म्हणजे एका बहुभुजाच्या शिरोबिंदूंचे अक्षांश-रेखांश, फोनला मिळतो. फोन स्वतःचं ठिकाण काढतो आणि विचारतो: मी या बहुभुजाच्या आत आहे की बाहेर?

डोळ्यांना सोपं वाटणारं हे काम गणिताने कसं करायचं? सर्वांत सोपी रीत अशी. आपल्या बिंदूपासून पूर्वेकडे एक किरण काढा आणि तो बहुभुजाच्या बाजूंना किती वेळा छेदतो ते मोजा. संख्या विषम आली तर तुम्ही आत, सम आली तर बाहेर. आकृती कितीही वेडीवाकडी असो, बाजू एकमेकींना छेदत नसल्या म्हणजे झालं. कारण प्रत्येक छेदाला किरण एकतर आतून बाहेर जातो किंवा बाहेरून आत येतो, आणि शेवटी, अनंतापाशी, तो बाहेरच असतो. पेच पडतो तो किरण नेमका शिरोबिंदूतून गेला तर. तिथे दोन बाजू मिळतात, मग छेद एक धरायचा की दोन? त्यावर तोडगा: प्रत्येक बाजूचं उत्तरेकडचं टोक त्या बाजूत धरायचं, दक्षिणेकडचं धरायचं नाही, आणि किरणाला समांतर असलेल्या बाजू सोडूनच द्यायच्या. मग किरण सीमा खरोखर ओलांडतो तेव्हा छेद एक येतो, नुसता टोकाला स्पर्शून जातो तेव्हा शून्य किंवा दोन येतात, आणि सम-विषमाचा हिशेब बिघडत नाही. उत्तर ‘बाहेर’ आलं तर फोन वाजत नाही. ठिकाणच सापडलं नाही तर मात्र वाजतो, कारण तिथे चूक करायचीच तर इशारा देण्याच्या बाजूने केलेली बरी. हा सगळा हिशेब फोनमध्येच होतो, तुमचं ठिकाण कुणाकडे जात नाही.

टीव्ही-रेडिओची वाट वेगळी. तिथे डिसेंबर २०१७ मध्ये ब्लू अलर्टसाठी ‘बीएलयू’ हा स्वतंत्र संकेत मंजूर झाला. कुठल्याही इशाऱ्याच्या वेळी अंगावर येणारा आवाज म्हणजे ८५३ आणि ९६० हर्ट्झचे दोन सूर एकत्र. त्यांचं गुणोत्तर जवळपास ९:८, म्हणजे षड्ज आणि शुद्ध ऋषभ. एकापाठोपाठ एक गोड लागणारे हे स्वर एकदम वाजले की कानाच्या आतल्या पडद्यावर जवळजवळ एकाच पट्ट्यात येतात आणि खरखर जाणवते. ४ ऑक्टोबर २०२३ ला अमेरिकेत या यंत्रणेची देशव्यापी चाचणी झाली, त्याआधी अफवा पसरली होती की या संकेताने लस घेतलेल्यांच्या शरीरात काहीतरी जागं होणार. चाचणी झाली आणि लोक आपापल्या कामाला लागले. अशा अफवा पुढे ढकलणाऱ्या शिकलेल्या माणसांचा मला मनापासून राग येतो, कारण याच यंत्रणेवर उद्या कुणाचा जीव अवलंबून असेल.

मग १६० मीटरची अचूकता हाताशी असताना ह्यूस्टन का उठलं? कारण क्षेत्र माणूस ठरवतो, आणि त्याने अख्खं राज्य निवडलं. त्याच्या बाजूनेही बोलायला हवं. ताशी १०० किलोमीटरने पळणारी गाडी पहिल्या तासाअखेर सुमारे ३१,००० चौरस किलोमीटरच्या वर्तुळात कुठेही असू शकते. तीन तासांनी क्षेत्रफळ तिप्पट होत नाही, नऊपट होतं. म्हणजे उशीर झाला की क्षेत्र मोठं घ्यावंच लागतं, आणि तेवढ्या मोठ्या क्षेत्रातल्या झोपलेल्या माणसाला गाडी दिसण्याची शक्यता नगण्य होते. माझ्या मते असा इशारा पहिल्या तासा-दोन तासांत, लहान क्षेत्रात द्यावा. ती वेळ टळली तर मध्यरात्री फोन वाजवण्यापेक्षा हमरस्त्यांवरचे फलक आणि सकाळच्या बातम्या वापराव्यात.

याची किंमत झोपमोडीपुरती नाही. अमेरिकी नियमांत फोनवरचा ब्लू अलर्ट ‘नजीकचा धोका’ या वर्गात बसतो, आणि टोर्नेडोचे (विध्वंसक वावटळीचे), अचानक येणाऱ्या पुराचे इशारेही त्याच वर्गातून येतात. वैतागून तो वर्ग बंद केला की तेही बंद. बंद करता येत नाही असा एकच प्रकार आहे, राष्ट्रीय पातळीवरचा इशारा. ह्यूस्टन आणि डॅलसला मराठी कुटुंबं बरीच आहेत. त्यांच्यापैकी कुणी त्या पहाटे रागाने बटण बंद केलं असेल, तर आयफोनमध्ये सेटिंग्जच्या ‘नोटिफिकेशन्स’मध्ये अगदी तळाशी जाऊन ‘इमर्जन्सी अलर्ट्स’ पुन्हा चालू करावं. टेक्ससमध्ये टोर्नेडो रात्रीचेही येतात.