क्षार मातीत, फवारा पानावर

ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे मातीतल्या क्षारांचं माप) मीटरला 4 डेसिसिमेन्स असलेल्या जमिनीत टोमॅटोचं उत्पादन साधारण 15 टक्के घटतं, घेवड्याचं मात्र निम्म्याहून जास्त. टोमॅटो 2.5 पर्यंत तग धरतो, घेवड्याची सहनशक्ती 1 लाच संपते. हे आकडे संपृक्त मातीच्या अर्काचे, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचे आहेत. प्रयोगशाळेने एक भाग मातीत दोन-अडीच भाग पाणी घालून मोजलं असेल तर ईसी बरीच कमी दिसते, आणि तिथेच फसगत होते.

क्षारांचा मार दुहेरी. माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. मग सोडियम आत शिरून पोटॅशियमची जागा बळकावतो आणि जुन्या पानांच्या कडा करपतात. पाणी धरून ठेवायला पेशी प्रोलीन, ग्लायसिन बीटेनसारखी द्रव्यं बनवतात. पालक बीटेन भरपूर बनवतो, टोमॅटो जवळपास बनवतच नाही. म्हणून टोमॅटोला ते पानावाटे देण्यात अर्थ आहे: लिटरला सुमारे 1.2 ग्रॅम. याच कामासाठी समुद्री शेवाळाचा अर्क सहसा लिटरला 2-3 मिली वापरतात, पण उत्पादनागणिक तीव्रता वेगळी, तेव्हा लेबल पाहूनच.

पहिली फवारणी रोपं लावल्यावर आठवड्याने, पुढच्या 10-14 दिवसांनी, फळधारणेपर्यंत. कडा करपल्यावर धावाधाव करून ते पान परत येत नाही. औषध नव्हे, पूर्वतयारी आहे ही. वेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. दुपारी थेंब मिनिटांत सुकतात आणि द्रव्य पानावर पापुद्र्यासारखं पडून राहतं. पान मेणचट असेल (कांदा, कोबी) तर स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारं द्रव्य) हवाच.

नेहमीच्या चुका दोन. खाऱ्या पाण्यातच द्रावण करणं: मुळांनी अडवलेला सोडियम आपणच पानावर ओततो. आणि याच कामासाठी फवारल्या जाणाऱ्या अमिनो आम्लाच्या अर्कात तांबंयुक्त बुरशीनाशक मिसळणं; अमिनो आम्लं तांब्याला पानात सहज नेतात, आणि पान भाजतं.

फवाऱ्याने जमिनीतला एक कणही क्षार कमी होत नाही. त्यासाठी निचरा आणि गोड्या पाण्याची जादा पाळीच लागते. जमीन चोपण (सोडियम जास्त झालेली) असेल तर आधी जिप्सम. सरी-वरंब्यावर क्षार माथ्याशी साचतात, म्हणून रोप वरंब्याच्या बगलेला लावा.

उपयोग होतोय का ते पाहायचं तर तुलनेसाठी दोन ओळींवर नुसतं पाणी आणि स्टिकर फवारा. त्या ओळी कडेच्या नकोत, शेताच्या मधल्या हव्यात.